बिनहौद्याची गाडी

फैजपूरला आमच्या घरी थंडीच्या दिवसांत चुलीवर पहिलं आधण चढायचं ते गाडीसाठी. आई पातेलंभर पाणी तापवून बाहेर न्यायची, माझे वडील, नाना, बॉनेट उघडून ते रेडिएटरमध्ये ओतायचे, आणि मग माझा धाकटा काका, ज्याला लहानथोर सगळे भाऊच म्हणायचे, पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायला लागायचा. गाडी खोकायची, गप्प व्हायची, पुन्हा खोकायची. भाऊ तिला आणि तिला बनवणाऱ्याला शिव्या घालायचा, आणि मग एकदम सगळं अंगण थरथरायला लागायचं. त्यानंतर आमचा चहा. गाडी म्हणजे ट्रक. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेला, पेट्रोलवर चालणारा. नानांनी तो घेतला तेव्हा हौद्यासकट, ताडपत्रीसकट आला होता. चार पैसे टाकायचे आणि चालवत घरी आणायचा, एवढंच आमच्या घराला ट्रक घेण्यातलं ठाऊक. केळीच्या हंगामात बागांतून घड भरून सावद्याच्या स्टेशनावर, कापसाच्या दिवसांत जळगावच्या जिनात, आणि मधल्या काळात कुणाचं वऱ्हाड, कुणाच्या विटा. चालवायचे नाना. भाऊ बाजूला बसून कसं चालवावं ते सांगायचा.

आमचं घर बोलकं होतं असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर बोलायचा भाऊ, उलट बोलायची आई, आणि मी मध्येमध्ये तोंड घालायची. नाना बोलत नसत. त्यांना काही पटलं नाही की ते डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि तिच्याकडे बघत बसत. टोपी परत डोक्यावर गेली की समजायचं, ठरलं. मला त्या न बोलण्याचा फार राग यायचा. आता माझी नात मला म्हणते, आजी, तू फार बोलतेस, तेव्हा वाटतं की नानांच्या वाटणीचं उरलेलं सगळं माझ्याकडे आलं असावं.

माझी थोरली बहीण सिंधूताई भडगावकडे दिली होती, गिरणेच्या काठच्या एका गावात. माणसं खाऊनपिऊन सुखी, घरी कापूस, विहीर, बैलजोड्या. आमच्या बोलीत ‘आहे’ला ‘हाये’, त्यांच्याकडे ‘शे’, त्यामुळे पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ताईच्या तोंडून ‘शे’ निघालं की मी हसून लोळायची. तिची सासू मोठी हौशी बाई. व्याह्याकडे मोटर आहे याचं तिला भारी भूषण. आमची गाडी तिच्या दारात उभी राहिली की ती पदर सावरून ओट्यावर यायची आणि अर्धा गाव जमेपर्यंत पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारायची नाही. त्यापायी तिनं एक रीतच करून टाकली होती: आमची सून मोटरीतून माहेरी जाईल आणि मोटरीतून येईल. एसटीनं नाही, बैलगाडीनं नाही.

त्या दिवाळीला ताईला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला आणायचं होतं. नेमका तेव्हाच गाडीचा मागचा पाटा, चाकावरची स्प्रिंग, तुटला. नानांनी भाऊला एसटीनं पाठवलं. सासूनं त्याला चहा दिला, लाडू बांधून दिले आणि एकट्याला परत लावलं. मोटर दुरुस्त झाली की या म्हणाली. पाटा मिळून तो बसेपर्यंत दिवस भरत आले, आणि आता खडकाळ रस्त्यानं हलवू नका असं सुईणीनं सांगितलं. बाळंतपण तिकडेच झालं. मुलगा झाला होता. तो राहिला नाही. आम्हाला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं. आई आणि नाना जाऊन भेटून आले, पण परक्या घरात दहा बायकांसमोर आईला लेकीला धड जवळसुद्धा घेता आलं नाही. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, “पोरगी रडत नही. तिले घरी आनल्याबिगर ती रडनार नही.” आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाठवते असं सासूनं कबूल केलं होतं. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात. ज्या घरची येत नाही त्या घरचा झोकासुद्धा बायका नीट बांधत नाहीत.

अशात डिझेल आलं. म्हणजे आधी भाऊच्या डोक्यात आलं. इंदूरकडचा एक डिझेलचा ट्रक केळी भरायला आमच्या वखारीसमोर लागला होता. त्याच्या ड्रायव्हरनं भाऊच्या हातची तंबाखू खाऊन नानांना तो सावद्यापर्यंत चालवून बघू दिला. भाऊ येताना रस्ताभर बडबडत होता: हँडल नाही, बटण दाबलं की चालू, तेल पेट्रोलच्या मानानं स्वस्त, चढावर पाणी उकळत नाही. नाना उतरले, हात हुंगून बघितले, राखेनं घासून धुतले. रॉकेलसारखा वास होता. मला वाटलं त्यांना तो आवडला नाही. मग जेवताना त्यांनी टोपी गुडघ्यावर घेतली तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. धुळ्याच्या एका शेठकडे नवी डिझेल गाडी येणार होती, तो जुनी गाडी वळती करून घ्यायला तयार होता, पण गाडी घ्यायची तर आखाजीच्या आत. नाहीतर पुढची कधी येईल सांगता येत नव्हतं. उन्हाळा होता, आमच्या माळवदावर बिबड्या आणि कुरडया वाळत घातलेल्या, आणि आई त्या उलथता उलथता वरूनच खाली अंगणातल्या भाऊशी भांडायची.

“आखाजी होऊ द्या मंग काय घ्यायचं ते घ्या,” ती म्हणायची. “चालती गाडी दारात हाये. हिच्यात माही पोर येते. नवी काय करीन कोनाले मालूम?”

“वहिनी, आखाजीचा मुहूर्त हाये! लोकं सोनं घेतात या दिवशी.”

“माहं सोनं भडगावले हाये.”

भाऊ पायात चपला घालून अंगणातून चालता झाला.  त्याला सिंधूताई पाठच्या बहिणीसारखी होती, दिवाळीला त्याच लाडवांचं गाठोडं घेऊन तो एकटा परत आला होता, आणि ते लाडू त्यानं घरात कुणाला खाऊ दिले नव्हते, नदीवर नेऊन माशांना घातले होते. भांडत होता तो डिझेलसाठी, पण डोक्यात पाटाच होता. नानांच्याही डोक्यात तोच होता. पैशाअडक्याची बोलणी वरवरची. जुनी गाडी त्या एका वेळी उभी राहिली होती, आणि तिच्यावर पुन्हा लेकीसाठी भरवसा टाकायला नानांचं मन घेत नव्हतं. आईचं उलट होतं. जिनं एकदा दगा दिला ती निदान माहितीची तरी आहे, असं तिचं म्हणणं. दोघांनाही एकच हवं होतं आणि दोघं त्यासाठीच एकमेकांशी बोलत नव्हते. मला तेव्हा कुणाचं बरोबर ते कळत नव्हतं; आजही कळत नाही.

शेवटी नानांनी टोपी घातली. “धुळ्याहून नवी गाडी घेऊ,” ते म्हणाले, “अन् येता येता सिंधूले त्याच गाडीत बसवून आनू. एकाच फेऱ्यात दोन्ही.” वाट होती पारोळ्यावरून, तिथून भडगावकडे वळायचं. आईला हे बोलणं पटायला संध्याकाळ लागली. मग तिनं अट घातली की कमल बरोबर जाईल, नव्या गाडीत पोरीशेजारी बाईमाणूस पाहिजे. कमल म्हणजे मी. सातवीत होते, पण मला बाईमाणूस म्हटल्याचा मान असा होता की मी त्या रात्री आईचं लुगडं नेसून बघितलं.

निघताना आईनं जुन्या गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. डोळ्यात पाणी वगैरे काही नाही. “नीट जाय,” एवढंच म्हणाली, ते गाडीला की नानांना कोण जाणे.

धुळ्याला शेठच्या पेढीवर सह्या झाल्या, पेढे वाटले, जुन्या गाडीचं मालेगावचं गिऱ्हाईक सकाळपासून थांबलेलं होतं ते तिला घेऊन गेलंसुद्धा. मग शेठचा माणूस आम्हाला मागच्या आवारात घेऊन गेला आणि म्हणाला, ही तुमची गाडी. तिथं पुढं एक चकचकीत नाक होतं, त्यामागे स्टेअरिंगचं चाक, आणि त्यामागे दोन लांबलचक लोखंडी पट्ट्या आणि चाकं. बस. टप नाही, दार नाही, हौदा नाही. ड्रायव्हरच्या जागी रॉकेलचं एक लाकडी खोकं सुतळीनं बांधलेलं.

“बाकीची कुठी हाये?” भाऊनं विचारलं.

शेठचा माणूस आधी हसला, मग भाऊचं तोंड बघून थांबला. “बाकीची तुम्ही बांधून घ्यायची, पाटील. कंपनीची चासी, म्हणजे नुसता सांगाडा, अशीच येते. जळगावला चांगले सुतार आहेत, करून देतील महिन्याभरात.”

आमच्या तालुक्यात एवढ्या बागा, एवढे शहाणे, आठ दिवस गावभर चर्चा, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की नवा ट्रक दुकानातून कसा निघतो. आम्हाला वाटायचं ट्रक म्हणजे हौद्यासकट. लष्करानं लाडावून ठेवलं होतं. भाऊ आवारातच उकिडवा बसला आणि कपाळाला हात लावला. “दादा, आता? ती बाई पोरगी देईन का आपल्याले?” जुनी गाडी दोन दिवसांसाठी तरी परत मिळेल का, असं नानांनी शेठला विचारलं. ती तोवर मालेगावच्या रस्त्याला लागलेली होती. नाना चासीभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी उपरणं काढून तोंडाला, कानांना घट्ट बांधलं आणि खोक्यावर बसले. “जशी हाये तशी नेऊ,” ते म्हणाले.

पट्ट्यांवर दोन फळ्या आडव्या बांधून भाऊ आणि मी त्यांवर बसलो. वैशाखाचं ऊन, समोर काच नाही, खाली बघितलं की रस्ता पळतोय. डिझेलचा तो खडखडाट माझ्या दातांत जात होता. पारोळ्यात पोरं मागे धावली, एका म्हातारीनं हात जोडले. मी आधी लाजेनं मान खाली घातली होती. मग वारा असा लागला की लाज कुठं गेली कळलं नाही, मी ओरडून हसायला लागले, आणि भाऊ माझी वेणी धरून बसला होता, मी पडू नये म्हणून. आयुष्यात पुढं मी विमानात बसले, पण तसं बसणं नाही झालं. भडगाव जवळ आलं तसं मात्र माझं हसू मावळलं. आईचं एक वाक्य डोक्यात घुमत होतं, तिले घरी आनल्याबिगर ती रडनार नही.

आमची जुनी गाडी गावाच्या वळणावर आली की ताईला घरात आवाज कळायचा आणि ती बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी असायची. हा आवाज तिला ओळखीचा नव्हता. आम्ही थांबलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. माणसं मात्र जमली, आणि हसली. सासू पदर सावरत ओट्यावर आली आणि तिचा चेहरा बघता बघता पडला.

“हाई काय शे?”

“नवी गाडी हाये, विहीणबाई. डिझेल,” भाऊ म्हणाला. “हौदा बांधायचा ऱ्हायला.”

“हाई गाडी शे का गाडीनं हाडूक? मनी सून असा उघडा हाडूकवर बठीसन जाई का? बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं!”

उघड्या सांगाड्यावर सून पाठवायची कशी, हे तिचंही काही खोटं नव्हतं. सगळं गाव खरंच हसत होतं, आणि ती बाई मोटर दारात येण्याच्या त्या दिवसाची कधीपासून वाट बघत असणार. नाना खोक्यावरून उतरले. लेकीच्या घरचं पाणी ते पीत नसत, त्यामुळे घशाला कोरड पडलेली, तोंडावर रस्त्याची सगळी माती. त्यांनी टोपी काढली. मला वाटलं आता ते टोपीकडे बघत बसतील आणि आमची ताई पुन्हा तिथंच राहील. पण त्यांनी टोपी हातात धरली आणि सगळ्यांच्या देखत सासूला म्हणाले, “विहीणबाई, मागल्या खेपेले माही गाडी आली नही. आज जशी हाये तशी आनली. पोर द्या.”

तेवढ्यात ताई दारात आली. ती किती वाळली होती! तिनं बोचकं आणलेलं नव्हतं, हातात काहीच नव्हतं. कधी सासूसमोर वर मान न केलेली ती, सरळ ओटा उतरून आली आणि चासीच्या पट्टीवर हात ठेवून उभी राहिली. “मी जास, आत्याबाई,” म्हणाली. या वेळी तिची ती सासरची बोली ऐकून मला हसू आलं नाही. मग जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. आमचे मेहुणे, जे स्वतःच्या आईपुढं तोंड उघडत नसत, ते घरात गेले आणि एक बाज डोक्यावर घेऊन बाहेर आले. त्यांनी ती चासीवर आडवी टाकली, नाड्यानं चारी खूर आवळून बांधले, ओढून ओढून बघितले, वर गोधडी घातली. आईकडे न बघता आत जाऊन ताईचं लुगड्यांचं बोचकं आणून ठेवलं. लोक हसायचे थांबले.

सासू बघत राहिली. “जाय,” ती शेवटी म्हणाली. मग नानांकडे वळून, गावाला ऐकू जाईल असं: “पन परत येवानं तवय बठ्ठी गाडी लई या. आशी अर्धी चालाव नई.”

ती काही राक्षसीण नव्हती. पुढं तिची शेवटची दुखणी ताईनंच काढली आणि ताईच तिच्यासाठी सगळ्यांत जास्त रडली. पण तेव्हा मला तिचा मनस्वी राग आला होता.

ताई बाजेवर आडवी झाली, मी तिच्या उशाशी बसले. गाव मागे पडलं, एरंडोलचा रस्ता लागला, आणि त्या खडखडाटात तिला वाटलं असेल की कुणाला ऐकू जात नाही. ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. माझा हात तिच्या केसांत होता. नानांनी मागे वळून बघितलं नाही, पण गाडी हळू केली. तशीच हळू, जळगावावरून, भुसावळावरून, घरापर्यंत आणली. दारात आईनं भाकरतुकडा ओवाळला, चासी बघितली, मग नानांना बघितलं. ताईला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

आखाजी झाली. घागर भरली, डांगर कापलं, खापरावरच्या पोळ्या आणि आमरस झाला, निंबाला झोका बांधला. ताई झोक्यावर बसली नाही, पण खाली बसून बघत होती. चासी जळगावला सुताराकडे गेली. आखाजीच्या लेकी एकेक करून सासरी गेल्या. आमची नाही गेली, कारण सासूनं मागितलेली सगळी गाडी अजून तयार नव्हती. महिना झाला, पाऊस लागला. केळीची भाडी दुसऱ्यांच्या गाड्यांना जायला लागली, भाऊ दातओठ खायला लागला. मेहुणे एकदा एसटीनं येऊन दोन दिवस राहून गेले, त्यांच्याबरोबर ताई ओसरीवर बसून बोलली. रात्री आईच्या कुशीत झोपायची. तिला भूक लागायला लागली होती.

एक दिवस भाऊ तडक जळगावला गेला आणि दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना परत आला. छत्री फेकून दारातूनच सुरू झाला. “गाडी तयार हाये! पंधरा दिवसांपासून तयार हाये! रंग झाला, टप झाला, फक्त हौद्याच्या मागच्या दाराचा फाळका लावेल नही. अन् सुतार मले काय म्हनतो? म्हने, नानांनीच सांगितलं, फाळका लावू नको.”

 चुलीवर भाकरी होती, ती आई उलटायला विसरली. जो माणूस डिझेलसाठी आखाजीपर्यंतसुद्धा थांबायला तयार नव्हता, त्यानं हंगाम निघून जाऊ दिला होता. नाना खाली बघून वांग्याच्या भरताबरोबर भाकरी खात होते.

ताईनं हातातला घास ताटात ठेवला. “नाना, गाडी आना,” ती म्हणाली. “मी जाईन.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. “तुले जायाचं हाये म्हनून म्हनती, का गाडी अडली म्हनून?”

“गाडी अडली म्हनून.”

“अन् तुले?”

ताईनं ताटातला घास बोटानं बाजूला सारला. मग म्हणाली, “मले आजून नही.”

“मंग ऱ्हाऊ दे फाळका,” नाना म्हणाले. भाऊ उभा होता तो तसाच ओल्या पायांनी पाटावर येऊन बसला आणि त्यानं ताईसमोर आपलं ताट सरकवलं, वाढ म्हणून.